दुसऱ्यांदा सात

या गावातलं घड्याळ प्रत्येक तास दोनदा वाजवतं.
पहिल्या रात्री मी बारा मोजले, कूस बदलली,
आणि दोन मिनिटांनी पुन्हा बारा.
वाटलं, झोपेत मीच चुकले असेन.
सकाळी सोलांज देल्पेश, आमची घरमालकीण,
कॉफीत साखर ढवळत म्हणाली,
पहिले ठोके कान टवकारायला,
दुसरे मोजायला.
शेतात वाकलेल्या माणसाचं एकदा हुकणारच.

ऑगस्ट संपत आलाय.
सूर्यफुलं पिवळी असतील या भरवशावर आलो होतो;
ती कधीच काळवंडून, माना खाली घालून उभी,
शिक्षा झालेल्या वर्गासारखी.
फोटोवाले जुलैत येतात, सोलांज म्हणते,
आत्ता येतात तेलाच्या गिरणीवाले.
आणि तुम्ही.

बेकरीवालाही सुट्टीवर.
दाराला चिठ्ठी: आम्ही समुद्रावर, तीन तारखेला भेटू.
तोवर पाव मिळतो गॅरेजात.
मार्सियाल ट्रॅक्टरखालून सरपटत बाहेर येतो,
ज्याला पुसू नयेत त्याच फडक्याला हात पुसतो
आणि लांबलचक पाव दोन बोटांच्या चिमटीत धरून
पुढे करतो.
पावाला किंचित ग्रीजचा वास.
चौथ्या दिवशी वाटू लागतं,
वासाशिवायचा पाव तो कसला पाव.

श्रीरंगनं तीन जाड पुस्तकं आणलीत.
एकानं खिडकीची झडप धरून ठेवलीय वाऱ्यात,
दुसऱ्यावर कप,
तिसरं कुठं आहे ते दोघांनाही माहीत नाही.
दुपारभर तो अक्रोडाखाली पडून
मुंग्यांची एकच रांग बघतो.
काय करतोयस, विचारलं तर म्हणतो, कामात आहे.
अक्रोडाखाली निजू नये, सोलांज कुंपणावरून ओरडते,
सावली थंड असते त्याची, ताप भरतो.
तो खुर्ची उचलून लिंडनखाली जातो.
मुंग्या तिथंही आहेत.

काल तिच्या आलुबुखारांच्या बागेत गेलो मदतीला.
मी फांदीकडे हात नेला तर तिनं मनगट धरलं.
तोडायचं नाही. झाडाला ठरवू दे.
गवतात निजलेली तेवढीच वेचायची,
जांभळी, धुरकट, उन्हानं कोमट झालेली;
ज्यांना गांधीलमाशीनं आधी चाखलंय, ती तिची.
ऐंशीची बाई गुडघे टेकून पुढे सरकत होती
आणि मला दोन बादल्यांत धाप लागली.
माझा नवरा झाड हलवायचा, ती म्हणाली.
धीर नव्हता त्याला.
पुढे काही बोलली नाही.
मी एक फळ पदराशिवायच्या कपड्याला पुसून तोंडात टाकलं,
बी बराच वेळ गालात ठेवली.

संध्याकाळी चर्चमागच्या मैदानात
लोखंडी गोळ्यांचा खेळ.
अर्ध्या बोटाच्या अंतरावरून वाद पेटतो,
फिर्मां, निवृत्त पोस्टमन, खिशातून शिंप्याची टेप काढतो,
सगळे वाकतात, निकाल लागतो,
कुणालाच मान्य नसतो.
आठ वाजतात. एकही मान वर होत नाही.
पुन्हा आठ वाजतात.
मग एकेक जण पॅन्ट झटकत उठतो,
सूप निवेल म्हणत.

आज निघायचं.
बॅगा गाडीत. सोलांजनं दिलेला
सुकवलेल्या आलुबुखारांचा डबा माझ्या मांडीवर,
झाकणावर कुणाचं तरी जुनं नाव खोडून
आमचं लिहिलेलं: श्रीरंगचा 'सिरांग' झालाय.
रात्री गारठा पडला होता. काचेवर दव,
टपावर लिंडनची दोन पिवळी पानं.

सात वाजले.
श्रीरंगनं किल्ली फिरवली नाही.
सोलांज फाटकात, एक हात वर,
खाली घ्यायचा विसरलेली.
रेडिओ नको, तो म्हणाला.
पट्टे लावून बसून राहिलो आम्ही
ती दोन मिनिटं,
जी इथं कुठल्याच तासात धरत नाहीत.